किनुयो तानाका: कॅमेऱ्यासमोरून कॅमेऱ्यामागे 🎬

दिग्दर्शक मिझोगुचीचा ‘उगेत्सु’ पाहिलाय? त्यातली सोशिक मियागी म्हणजे किनुयो तानाका. जपानची ही लाडकी अभिनेत्री पुढे दिग्दर्शिकाही झाली, आणि तिची ही बाजू सिनेमावेड्या प्रत्येकाने पाहायलाच हवी!

जपानची पहिली दिग्दर्शिका ताझुको साकाने. तिचा ‘हात्सु सुगाता’ १९३६चा. तानाका दुसरी. दिग्दर्शक मिकिओ नारुसेच्या हाताखाली उमेदवारी करून तिने १९५३मध्ये ‘कोइबुमी’ केला. अमेरिकी सैनिकांनी मागे सोडलेल्या बायकांसाठी इंग्रजी प्रेमपत्रं लिहून देणाऱ्या माणसाची ही गोष्ट १९५४मध्ये कान महोत्सवाच्या स्पर्धेत होती.

तिच्या दिग्दर्शनाला खुद्द मिझोगुचीचा विरोध होता. दिग्दर्शक ओझू मात्र पाठीशी राहिला. तिच्या दुसऱ्या चित्रपटाची पटकथा त्याचीच, रियोसुके साइतोसोबत लिहिलेली.

१९५५मध्ये तिने स्तनाच्या कर्करोगाने गेलेल्या कवयित्री फुमिको नाकाजोवर चित्रपट केला. आजारी बाईचं शरीर, तिची इच्छा, तिची कविता हे सगळं त्यात धीटपणे येतं.

दिग्दर्शिका म्हणून १९६२पर्यंत एकूण सहा चित्रपट. पुढे ‘सांदाकान ८’साठी १९७५मध्ये बर्लिनला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान.

सुरुवात ‘कोइबुमी’पासून करा आणि कसा वाटला ते नक्की सांगा!

#किनुयोतानाका #जपानीसिनेमा