रोगजंतूंच्या कुलपाचं कंत्राट

1990 च्या दशकात अँडी वेबर हे अमेरिकी अधिकारी अल्माटीच्या प्लेगविरोधी संस्थेत गेले, तेव्हा प्लेगच्या जंतूंच्या कुप्या त्यांना मटारच्या जुन्या डब्यात ठेवलेल्या दिसल्या. सोव्हिएत संघ मोडला होता, शास्त्रज्ञांचे पगार थकले होते. त्याच कझाकस्तानात स्तेपनोगोर्स्कला युद्धकाळात सुमारे 300 टन काळपुळीचे जंतू तयार करू शकेल असा कारखाना उभा होता. जैविक शस्त्रांवर बंदी घालणारा 1972 चा करार सोव्हिएत संघाने सह्या करून मोडला होता, त्याचा हा पुरावा.

सॅम नन आणि रिचर्ड लुगर या सिनेटरांच्या पुढाकाराने 1991 मध्ये अमेरिकेने सोव्हिएत शस्त्रं नष्ट करायला पैसा देणारा कायदा केला. सुरुवातीला सगळं लक्ष अण्वस्त्रांवर होतं, रोगजंतूंकडे ते नंतर वळलं. स्तेपनोगोर्स्कचा कारखाना याच पैशातून पाडला गेला. अरल समुद्रातल्या वोझरोझ्देनिया बेटावर पुरलेल्या काळपुळीचे खड्डे 2002 मध्ये निर्जंतुक केले गेले. समुद्र आटत जाऊन ते बेट तोवर मुख्य भूमीला जोडलं गेलं होतं, त्यामुळे घाई रास्तच होती.

पण पाडणं आणि पुरणं हा या कामाचा सोपा भाग. पुढे प्रयोगशाळा बांधायच्या, जंतूंची नोंद एका ठिकाणी आणायची, साथ लवकर ओळखायला माणसं शिकवायची. हे काम पेंटागॉनची डिफेन्स थ्रेट रिडक्शन एजन्सी पाहते, आणि प्रत्यक्षात ते कंत्राटदार करतात. बेक्टेल, रेथिऑन, ब्लॅक अँड व्हीच ही त्यातली ठळक नावं. ब्लॅक अँड व्हीच ही मूळची पाणी आणि विजेच्या प्रकल्पांतली कंपनी. रोगजंतूंच्या कामात ती कशाला, असं वाटेल. पण धोकादायक जंतूंची प्रयोगशाळा म्हणजे आधी एक अवघड इमारत असते: आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवायचा, बाहेर जाणारी हवा गाळायची, सांडपाणी निर्जंतुक करायचं आणि वीज गेली तरी यातलं काहीही थांबू द्यायचं नाही.

कंत्राटाची रीत समजून घेण्याजोगी आहे. नेमकं काम किती निघेल हे आधी ठाऊक नसतं. म्हणून खर्चाची कमाल मर्यादा ठरवून काही कंपन्या आधी निवडून ठेवतात, आणि काम निघेल तसे स्वतंत्र कार्यादेश देतात. अनिश्चित कामांत अनेकदा झालेला खर्च अधिक ठरीव मोबदला असा हिशेब असतो. खर्चाच्या टक्केवारीने नफा देण्यावर मात्र अमेरिकी कायद्यात बंदी आहे. जितकी उधळपट्टी तितका नफा, असं होऊ नये म्हणून. ही बंदी शहाणपणाची आहे. पण ती फक्त पैशाला आवर घालते. इमारत दहा वर्षांनी चालू असेल की नाही, हे तिच्याने ठरत नाही. कंत्राटदार आपलं काम संपवून जातो. गाळण्या बदलणं, उपकरणं तपासून घेणं, विजेचं बिल आणि शिकलेल्या माणसांचा पगार हे सगळं यजमान देशाच्या आरोग्य खात्याच्या माथी येतं.

जॉर्जियाने हे निभावलं. त्बिलिसीत याच कार्यक्रमातून बांधलेलं लुगर प्रयोगशाळा केंद्र 2011 मध्ये उघडलं. पुढे ते जॉर्जियाच्या रोगनियंत्रण केंद्राकडे आलं आणि तिथल्या सरकारने खर्च उचलला. 2020 मध्ये देशातल्या कोविड चाचण्यांचा कणा हेच केंद्र होतं. या कार्यक्रमाच्या बाजूने यापेक्षा मोठा पुरावा मला तरी दिसत नाही.

युक्रेनची गोष्ट वेगळी झाली. अमेरिकेशी झालेल्या 2005 च्या करारानंतर ओडेसाच्या प्लेगविरोधी संस्थेतली प्रयोगशाळा नव्याने सजली. पेंटागॉनच्या 2022 मधल्या माहितीनुसार युक्रेनमधल्या 46 प्रयोगशाळा, आरोग्य संस्था आणि निदान केंद्रांवर सुमारे 20 कोटी डॉलर खर्च झाले. युद्ध सुरू होताच रशियाने याच केंद्रांना जैविक शस्त्रांचे अड्डे ठरवलं. अशा कोणत्याही शस्त्र कार्यक्रमाची माहिती नाही, असं संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरण प्रमुख इझुमी नाकामित्सू यांनी सांगितलं. नोव्हेंबर 2022 मध्ये सुरक्षा परिषदेत या आरोपांच्या चौकशीसाठी रशियाने मांडलेल्या ठरावाला रशिया आणि चीन अशी दोनच मतं पडली. तीन देश विरोधात गेले आणि भारतासह दहा तटस्थ राहिले.

ठराव पडला, संशय उरला. त्या आरोपांना आधार नव्हता, असंच माझं मत आहे. पण ते पसरायला जागा मिळाली ती कागद आधीपासून लोकांसमोर नसल्यामुळे. 2005 च्या करारात संवेदनशील ठरवलेली माहिती उघड न करण्याचं कलम आहे. जंतूंच्या साठ्याची जागा गुप्त ठेवावी, हे बरोबरच. मात्र किती पैसे आले, कोणत्या कंपनीला गेले, इमारतीत काय काम चालतं आणि पुढचा खर्च कोण करणार, यात लपवण्यासारखं काही नाही. एवढी माहिती यजमान देशाच्या भाषेत, हस्तांतरणाच्या दिवशीच जाहीर करण्याची अट निविदेतच घालायला हवी, आणि ती न पाळणाऱ्याचा शेवटचा हप्ता रोखून धरायला हवा.