शिक्षकाच्या लेखणीला पालक-वाचक हवा

वार्षिक निकालाच्या दिवशी शिरूर आणि दौंड तालुक्यांतील शाळाशाळांतून प्रगतिपुस्तके घरोघर जातात. पालक त्यांतील श्रेणी पाहतो, पाल्य वरच्या वर्गात गेल्याची खात्री करून घेतो, सही करतो आणि पुस्तक परत पाठवितो. शाळा व घर यांच्यातील वर्षभराचा लेखी व्यवहार बहुधा एवढ्यावरच संपतो. मूल कोणत्या गणितापाशी अडले, कोणती गोष्ट ऐकताना खुलले, पूर्वी बोलके असलेले ते अलीकडे गप्प का बसू लागले, हे त्या पुस्तकातून कळत नाही. वास्तविक हे सारे वर्गावरच्या शिक्षकाला ठाऊक असते. ते त्याने लिहावे आणि पालकाने आवर्जून वाचावे, ही अपेक्षा साधी आहे. पण आजवर तिच्याकडे दोन्ही बाजूंनी दुर्लक्षच झाले आहे.

शिक्षक लिहीत नाही असे मात्र नाही. महाराष्ट्रात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली, तेव्हापासून आकारिक व संकलित मूल्यमापनाबरोबर प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवणे हे त्याच्या कामाचा भाग झाले. त्याखेरीज हजेरी, पोषण आहार आणि नाना प्रकारची माहितीपत्रके आहेतच. तथापि या लिखाणाचा वाचक कोण? तपासणीस येणारा अधिकारी. ज्याचे मूल, त्या पालकाच्या हाती त्यातले फारसे काही पडत नाही. मग नोंदीही अधिकाऱ्यासाठीच लिहिल्या जातात. ‘प्रगती समाधानकारक आहे’ हे एकच वाक्य वर्गातील निम्म्या मुलांपुढे लिहिले, तरी कोणी हरकत घेत नाही. वाचणारे डोळे बदलले की लिहिणारा हातही बदलतो. आई-बाप वाचणार आहेत हे ठाऊक असलेला शिक्षक असे वाक्य सहसा लिहिणार नाही.

शिरूर-दौंडच्या परिसरात याची निकड अधिक आहे, कारण येथील पालक एका साच्याचा नाही. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत परप्रांतांतून आलेल्या कामगारांची मुले घरी एक भाषा बोलतात आणि शाळेत दुसरी ऐकतात. दौंडला रेल्वेच्या आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या नोकरीमुळे येणारी-जाणारी कुटुंबे आहेत. ऊस-कांद्यावर चार पैसे गाठीशी बांधलेला शेतकरी, शेजाऱ्याने केले म्हणून मुलाला इंग्रजी माध्यमात घालतो. पण ज्या शाळेतून त्याला काढले तेथील गुरुजींचे त्या मुलाविषयी काय मत होते, हे विचारावे असे त्याच्या मनात येत नाही.

सर्वांत अवघड स्थिती ऊसतोडणी मजुरांच्या मुलांची. हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या पडतात आणि मुलांची शाळा अर्ध्यावर तुटते. पूर्वी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालत. पुढे स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोय झाली. हे कार्ड दाखविले की मुलाला जवळच्या शाळेत बसता येते. पण मूल कितवीत आहे एवढे कळले म्हणजे ते कोठवर शिकले आहे हे कळले, असे नव्हे. ‘वजाबाकी येते, हातचा घेताना गोंधळते, वाचताना लाजते, पण गोष्ट चांगली सांगते’ अशी चार वाक्ये गावच्या गुरुजींनी लिहून दिली, तर दौंडच्या बाईंचे पहिले चार आठवडे वाचतील. हंगामाच्या शाळेत चार आठवडे म्हणजे थोडाथोडका काळ नव्हे.

शिक्षकाने वर्गाबाहेरच्या वाचकासाठी लिहिण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात असताना साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी स्वतःच्या हाताने ‘छात्रालय’ दैनिक लिहून काढीत. ताराबाई मोडकांनी ‘शिक्षणपत्रिके’तून बालशिक्षणाचा विचार मांडला. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कोसबाडला कुरणशाळा निघाली, तिचे मर्म दूरच्या वाचकाला उमगले ते ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी आपले प्रयोग लिहून ठेवले म्हणून. इटलीतील बार्बियाना या डोंगरी खेड्यातल्या आठ मुलांनी १९६७ साली लिहिलेले, मराठीत ‘प्रिय बाई’ या नावाने आलेले पुस्तक तर शिक्षिकेला उद्देशून असूनही आरंभीच सांगते की, ते शिक्षकांसाठी नसून पालकांसाठी आहे. शाळेत नापास ठरलेल्या त्या मुलांना एक गोष्ट उमगली होती: पालकांना शाळेचे अंतरंग कळल्याशिवाय शाळा सुधारत नाही.

आपल्या कायद्यानेही हे मान्य केले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि प्रगती पालकांना नियमित बैठकांतून सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. पण वर्गात काय चालते हे ज्याने कधी वाचले-ऐकले नाही, तो समितीत बसून भिंतीच्या रंगाखेरीज बोलणार तरी कशावर?

यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा की, शिक्षक आत्मस्तुती करतील. काही करतीलही, परंतु ज्याचे मूल रोज त्याच वर्गात बसते, त्या वाचकापुढे खोटी बढाई फार दिवस टिकत नाही. दुसरा आक्षेप मुलाच्या अब्रूचा. तो रास्त आहे. एखाद्याची गरिबी किंवा उणीव चारचौघांत मांडली जाता कामा नये. सर्वांसाठीच्या लेखनात नाव नसावे आणि एकट्या मुलाची नोंद त्याच्या घरीच जावी. तिसरा आक्षेप असा की, अनेक पालकांना वाचता येत नाही. त्यांना ते वाचून दाखवावे. पालकसभेत देणगी आणि गणवेश यांवर तास जातो, त्यातील दहा मिनिटे वर्गाच्या वृत्तांताला देता येतील. मोबाइलवरून सुट्टीच्या सूचना जशा घरी पोहोचतात, तसा महिन्याचा एक परिच्छेदही पोहोचेल. त्यासाठी शिक्षकाच्या माथ्यावर नवा तक्ता लादण्याचे कारण नाही. निरुपयोगी जुने दोन कमी केले तरी पुरे.

पालकाच्या बाजूनेही कष्ट हवेत. पुण्यात १९८७ पासून ‘पालकनीती’सारखे मासिक याच हेतूने चालत आले आहे, ते वाचावे, शिक्षकांनी लिहिलेली पुस्तके गावच्या वाचनालयात मागावीत. मुख्य म्हणजे शाळेतून आलेल्या दोन ओळी वाचून त्याला एका ओळीचे उत्तर लिहावे. उत्तर आले की शिक्षक पुढच्या वेळी अधिक मनापासून लिहितो. मुलाचा अर्धा दिवस घराने पाहिलेला असतो आणि अर्धा शाळेने. हे दोन अर्धे जुळवून पाहिल्याखेरीज कोणाचेही मूल कोणालाच पुरते समजणार नाही.