जितके छाटावे तितके फुटणारे मर्टल

सार्डिनिया, कॉर्सिका, सिसिली, दक्षिण स्पेन, उत्तर आफ्रिकेचा किनारा. भूमध्य समुद्राभोवतीच्या या कोरड्या टेकड्यांवर पुरुषभर उंचीच्या सदाहरित झुडपांचे दाट रान माजलेले असते. इटलीत त्या रानाला माक्किया म्हणतात. उन्हाळ्यात तिथे महिनोन्महिने पाऊस पडत नाही आणि अधूनमधून वणवा सारी टेकडी काळीठिक्कर करून जातो. त्या राखेतून काही बुडखे पुन्हा धुमारे टाकतात. त्यांतलेच एक झुडूप म्हणजे मर्टल, शास्त्रीय नाव मिर्टस कम्युनिस. वणव्याने जाळावे, शेळ्यांनी ओरबाडावे, माणसाने कोयत्याने तोडावे, आणि याने बुंध्यातून नव्याने फुटावे, असे हजारो वर्षे चालले आहे. बोन्साय करणाऱ्यांना या झाडाचे जे कौतुक वाटते, त्याचे मूळ या फुटण्यातच आहे.

कार्ल लिनियसने १७५३ साली या झाडाला आजचे शास्त्रीय नाव दिले. त्याचे कूळ, मिर्टेसी, आपल्या अगदी ओळखीचे आहे. जांभूळ, पेरू, लवंग आणि निलगिरी ही सारी याच कुळातली. मर्टलचे पान उजेडासमोर धरले की त्यात बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी आहेत. पान चुरगळले की त्यांतून जो गंध सुटतो त्यात निलगिरीच्या तेलातले सिनिओल असते. जुन्या खोडाची साल तांबूस असते आणि पेरूच्या सालीसारखीच पापुद्र्यांनी सुटते. उन्हाळ्यात पाच पाकळ्यांची पांढरी फुले येतात. त्यांच्या मधोमध पुंकेसरांचा भरगच्च झुबका असतो आणि त्याचे नातेही जांभळाच्या, पेरूच्या फुलाशी चटकन लागते. हिवाळ्याच्या तोंडावर निळसर काळी फळे पिकतात. सार्डिनियात ती गोळा करून अल्कोहोलमध्ये मुरवतात आणि मिर्तो नावाचे गोडसर मद्य करतात.

मिर्टस या प्रजातीत आता शास्त्रज्ञ दोनच जाती धरतात. दुसरी, मिर्टस निव्हेली, थेट सहाराच्या मध्यभागी तासिली आणि होगारच्या डोंगरांत तग धरून आहे. सहारा आजच्याइतका कोरडा नव्हता त्या काळाची ती खूण आहे. पहिल्या जातीच्या चिवटपणाबद्दल कोणाला शंका असेल, तर या सख्ख्या बहिणीकडे पाहावे.

मर्टलवर कात्री चालवण्याची परंपरा बोन्सायहून फार जुनी आहे. इ.स. ७७च्या सुमारास रोमन लेखक थोरला प्लिनी याने आपला निसर्गविषयक महाग्रंथ पूर्ण केला. त्यात त्याने मर्टलसाठी चांगलीच जागा दिली आहे. तो सांगतो की मिरी माहीत होण्याआधी रोमन स्वयंपाकात मर्टलची फळे मिरीच्या जागी वापरत. क्विरिनस देवाच्या देवळापुढे मर्टलची दोन झाडे होती, एक उमरावांचे आणि एक सामान्य जनांचे. सिनेटचे वर्चस्व होते तोवर उमरावांचे झाड डवरलेले आणि दुसरे रोडावलेले राहिले, पुढे जनतेचे बळ वाढले तसे पारडे फिरले, असेही तो नोंदवतो. रक्त न सांडता मिळवलेल्या विजयाच्या मिरवणुकीत सेनापतीने मर्टलचा मुकुट घालायचा, हा प्रघात इ.स.पू. ५०३मध्ये पोस्टुमियस टुबर्टसपासून पडला. इ.स.पू. ७१मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडणाऱ्या क्राससला मात्र सिनेटने खास ठराव करून मर्टलऐवजी लॉरेलचा मुकुट दिला. व्हीनस देवीचे झाड म्हणून मर्टलला मान होता, पण युद्धवीराला तो कमी वाटला.

या साऱ्यापेक्षा बोन्सायप्रेमीला मोलाची वाटावी अशी प्लिनीची एक नोंद आहे. बागेतली झाडे कातरून आकार देणारे माळी मर्टलचे तीन प्रकार मानतात, असे तो लिहितो: इटलीतला नेहमीचा रुंद पानांचा, सहा रांगांत दाट पाने येणारा, आणि तारेंतुम या शहराचा, बारीक पानांचा. तारेंतुम म्हणजे दक्षिण इटलीतले आजचे तारांतो. आज बोन्सायसाठी रोपवाटिकांतून जे छोट्या पानांचे मर्टल सर्वांत आवडीने घेतले जाते त्याचे नाव तारेंतिना आहे. प्लिनी इ.स. ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला. त्याच्या काळातल्या माळ्यांनी ज्या गुणासाठी हे मर्टल निवडले, त्याच गुणासाठी ते आजही निवडले जाते, याचे मला फार अप्रूप वाटते. याच ग्रंथात दुसरीकडे तो सम्राट ऑगस्टसचा मित्र गायस माटियस याला झाडे कातरण्याच्या कलेचे श्रेय देतो, आणि लागवडीच्या व छाटणीच्या युक्तीने खुजे ठेवलेल्या चिनारांचाही उल्लेख करतो. त्यांना बोन्साय म्हणता येणार नाही. उथळ भांड्यात निसर्गाचे लघुरूप उभे करण्याची कला चीनमध्ये वाढली. तिचा फार जुना चित्रित पुरावा म्हणजे इ.स. ७०६मध्ये बांधलेल्या राजपुत्र झांगहुआईच्या थडग्यातले भित्तिचित्र. जपानने पुढे त्या कलेला आजचे रूप दिले. पण झाडाला मुद्दाम लहान ठेवावे ही ओढ भूमध्य सागराच्या काठीही होती.

प्लिनीच्या सहा रांगांचे कोडे झाड हाती घेतले की उलगडते. मर्टलच्या पेरावर साधारणपणे समोरासमोर दोन पाने असतात. जोमदार फांदीवर मात्र कधी कधी एका पेरावर तीन पाने येतात, आणि पुढच्या पेरावरची तीन पाने आधीच्या तिघांच्या फटींवर बसतात. वरून पाहिले की सहा रांगा दिसतात. ज्यूंच्या सुकोथ सणात महाळुंग, खजुराचा मिटलेला कोंब आणि विलोच्या डहाळ्या यांच्यासोबत मर्टलच्या ज्या तीन फांद्या हाती धरतात, त्या नेमक्या अशा तीन पानांच्याच लागतात. इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या मराठी भाषक बेने इस्राएल मंडळींनाही सणाच्या बाजारात या डहाळ्या दिसतात. बोन्सायमध्ये मात्र हीच तीन पाने अडचण करतात. प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. तिन्ही डोळे फुटू दिले तर त्या जागी फांदीला गाठ येते आणि ती टोकाकडे निमुळती होण्याऐवजी मध्येच फुगते. म्हणून एकाच जागी दोनहून जास्त फुटी ठेवत नाहीत. तिसरी कोवळी असतानाच खुडतात.

मर्टलच्या बोन्सायची खरी किंमत त्याच्या बुंध्यात असते. रानात वारंवार तुटून फुटलेल्या झुडपाचा बुडखा जमिनीलगत रुंद, गाठाळ होत जातो आणि त्यातून अनेक खोडे निघतात. इटली आणि स्पेनमधले कलावंत जागेच्या मालकाची किंवा वनखात्याची परवानगी घेऊन असे बुडखे काढतात. जुनी कुंपणे उपटली जातात तेव्हा त्यांतूनही उत्तम बुंधे मिळतात. शतकानुशतके मर्टल कुंपणासाठी लावले गेले आहे. ग्रॅनडाच्या अल्हाम्ब्रा महालात सुमारे ३४ मीटर लांबीच्या हौदाच्या दोन्ही बाजूंनी त्याची कातरलेली कुंपणे आहेत आणि त्या चौकाला नावही मर्टलचेच आहे.

काढलेल्या बुडख्याची जाड मुळे आखूड करतात, खोडे हव्या त्या उंचीवर कापतात, आणि निचरा होणाऱ्या खडबडीत मिश्रणात तो रुजू देतात. ऊब मिळाली की कापाच्या कडेने आणि खोडाच्या अंगाने धुमाऱ्यांची गर्दी होते. पहिल्या वर्षी त्यांना हात लावू नये. पानांच्या बळावरच नवी मुळे तयार होतात, आणि घाईने निवड करणारा मुळांचाच घास काढून घेतो. पुढच्या वर्षी मात्र निवड निर्दयपणे करावी लागते, नाहीतर बुंध्यातून निघणाऱ्या फुटीच वरच्या फांद्यांचा रस पळवतात.

मोठी जखम मर्टल फार सावकाश भरते, काही वेळा भरतच नाही. त्यामुळे जखम लपवण्याचा खटाटोप करण्यापेक्षा ती कोरून मोकळी ठेवणे मला पटते. मेलेल्या फांदीच्या टोकाला बोन्सायमध्ये जिन म्हणतात आणि खोडावरच्या मृत, साल गेलेल्या पट्ट्याला शारी. तांबूस जिवंत साल आणि शेजारचे फिकट मृत लाकूड यांचा मेळ या झाडावर सुरेख जमतो. लाकूड कठीण असल्याने कोरीव काम टिकते. फक्त मातीला टेकलेला भाग ओलाव्याने कुजू शकतो. तिथे लाइम सल्फरचा हात देऊन लाकूड राखतात.

घडणीबाबत माझे मत ठाम आहे. या झाडाला पाइनसारखे ताठ, त्रिकोणी रूप देऊ नये. एका बुंध्यातून निघालेली चार-पाच खोडे, ज्याला जपानीत कबुदाची म्हणतात, ती त्याची स्वाभाविक ठेवण आहे. वाऱ्याने कललेले एकच खोडही शोभते, कारण समुद्रकाठच्या टेकडीवर ते तसेच वाढते. रुंद बुंधा आणि त्यातून पसरलेली मुळे, म्हणजे नेबारी, झाकली जाणार नाही अशा बेताने पालवीचे पुंजके ठेवावेत.

तार बांधण्याची वेळ नेमकी साधावी लागते. हिरवी फांदी वाकते पण तार सोडल्यावर परत सरळ होते. पूर्ण जून झालेली फांदी कठीण असते आणि बगलेतून तडकते. हिरवेपणा जाऊन फांदी तपकिरी होऊ लागली की ती वळण घेते आणि राखते. त्यानंतरचे काम कात्रीचे. फूट सहा-आठ पाने लांबली की दोन पानांवर आणावी, हा क्रम वाढीच्या हंगामात चालू ठेवला की फांद्यांना बारीक उपफांद्या फुटतात आणि पानेही लहान होत जातात.

मात्र फुले याच क्रमाच्या आड येतात. मर्टलची कळी त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत धरते. वसंतापासून सतत शेंडे खुडत राहिलो तर झाड नेटके दिसते पण उन्हाळ्यात एकही फूल येत नाही. ज्याला फुले हवीत त्याने वसंतातल्या फुटी लांबू द्याव्यात, काही महिने झाड विस्कटलेले सोसावे आणि फुले ओसरल्यावर छाटणी करावी. ज्याला अजून फांद्या घडवायच्या आहेत त्याने त्या वर्षांपुरती फुलांची आशा सोडावी. दोन्ही एकाच हंगामात साधत नाहीत. पाने छाटणीने लहान होतात, फुले आणि फळे मात्र होत नाहीत. म्हणून तळहाताएवढ्या झाडावर मोठ्या जातीची फळे बोजड दिसतात. तारेंतिना इथेही कामाला येते. तिची पाने अरुंद आणि फळे फिकट पांढुरकी असतात.

पाण्याच्या बाबतीत रानातले मर्टल आणि कुंडीतले मर्टल वेगळे समजावे. रानात खोल गेलेली मुळे कोरडा उन्हाळा निभावून नेतात. उथळ कुंडीत मुळांचा गोळा एकदा पूर्ण सुकला की पाने जागच्या जागी कुरकुरीत होतात. तरीही बुडाशी पाणी साचलेले त्याला चालत नाही. पाण्यात चुना फार असेल तर पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा ठिकाणी पावसाचे साठवलेले पाणी उत्तम. भरपूर ऊन हवे. कडाक्याच्या थंडीत मुळे गोठू देऊ नयेत. जर्मनीत लग्नात वधूच्या मस्तकी मर्टलचा मुकुट घालण्याची प्रथा होती आणि त्यासाठी घरोघरी कुंडीत मर्टल वाढवत. ती झाडे हिवाळाभर थंड पण उजेडाच्या खोलीत ठेवलेली असत.

महाराष्ट्रात हे झाड वाढवू पाहणाऱ्याने ऋतूंची उलटापालट ध्यानात घ्यावी. भूमध्य सागराकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो, आपल्याकडे ऐन वाढीच्या उष्ण महिन्यांत. चार महिने भिजत राहणारी माती हा इथला मोठा धोका, म्हणून मिश्रणात बारीक खडी, विटांचे चाळलेले तुकडे यांचे प्रमाण जास्त हवे आणि मुसळधार पावसात कुंडी आडोशाला हवी. रोपवाटिकेत खरेदी करतानाही सावध असावे. क्रेप मर्टल म्हणून जे मिळते ते लॅगरस्ट्रोमिया इंडिका, आपल्या राज्यपुष्पाचे, ताम्हणाचे, भावंड. ते मेंदी-डाळिंबाच्या कुळातले आहे आणि पाने गाळते. त्याचेही बोन्साय देखणे होते, पण इथे सांगितलेली रीत त्याला लागू पडत नाही.

कुंडी दर दोन-तीन वर्षांनी, नवी फूट सुरू होण्याच्या वेळी बदलावी आणि मुळे तेव्हाच विंचरून आखूड करावीत. बियांपासून रोपे होतात, पण त्यांना जाड बुंधा धरायला फार वर्षे लागतात आणि ती आईसारखीच निघतील याची खात्री नसते. तारेंतिना हवी असेल तर उन्हाळ्याच्या अखेरीस अर्धवट जून झालेल्या फांदीचे छाट कलम लावावे.