साहेबांची भीती

कोल्हापूरहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचे यजमान सैन्यातून कर्नल म्हणून निवृत्त झाले. रात्री दचकून उठतात, दिवाळीत दारं-खिडक्या लावून आतल्या खोलीत बसतात. विचारलं तर ‘काही नाही’ एवढंच. ताईंनी लिहिलंय, ‘युनिटमध्ये जवानांना हेच सांगायचे, मनात ठेवू नका, बोला. मग स्वतः का बोलत नाहीत? अधिकाऱ्यांचं मन वेगळं असतं का?’

नेमक्या याच प्रश्नात शंभर वर्षांपूर्वी डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हा इंग्रज डॉक्टर खोलवर शिरला होता. पहिल्या महायुद्धातल्या ‘शेल शॉक’चा, म्हणजे लढाईने मनाला बसलेल्या धक्क्याचा, विषय निघाला की त्याचं नाव सिगफ्रिड ससून या कवीचा डॉक्टर म्हणून येतं आणि तिथंच थांबतं. मला ते फार सलतं.

रिव्हर्स बोलताना अडखळायचा. वडील तोतरेपणावर उपचार करणारे, तरी मुलाचं अडखळणं पुरतं गेलं नाही. म्हणूनही असेल, पण ऐकून घेण्यात या माणसाचा हात धरणारं कुणी नव्हतं. १९०१-०२ मध्ये तो आपल्याकडे निलगिरीत येऊन तोडा लोकांमध्ये राहिला. त्यांच्या वंशावळी, म्हशींच्या दूधघरातले विधी टिपून १९०६ मध्ये त्याने त्यांच्यावर जाडजूड ग्रंथ काढला. त्याआधी, १९०३ मध्ये, त्याचा डॉक्टर मित्र हेन्री हेड याने स्वतःच्या डाव्या हाताची संवेदना वाहणारी नस शल्यविशारदाकडून कापून पुन्हा शिवून घेतली होती. का, तर संवेदना परत कशी येते हे रुग्णाच्या नव्हे, जाणकाराच्या तोंडून कळावं म्हणून! पुढे चार वर्षांहून अधिक काळ हेड सुट्टीच्या दिवशी लंडनहून केंब्रिजला यायचा, डोळे मिटून बसायचा, आणि रिव्हर्स त्याच्या हातावर कधी कापूस फिरवायचा, कधी टाचणी टोचायचा, कधी बर्फ लावायचा. ‘आता काय वाटतंय?’ हा एकच प्रश्न, वर्षानुवर्षं. त्यातून मांडलेला सिद्धांत फारसा टिकला नाही. पण त्या चार वर्षांत मुरलेली सवय युद्धात कामी आली.

१९१५ मध्ये रिव्हर्स लिव्हरपूलजवळच्या मगल इस्पितळात डॉक्टर म्हणून रुजू झाला. तिथले रुग्ण साधे शिपाई. १९१६ च्या ऑक्टोबरात त्याची बदली एडिंबरोच्या क्रेगलॉकहार्टला झाली. हे इस्पितळ खास अधिकाऱ्यांसाठी होतं. एकच युद्ध, तेच खंदक, तेच तोफगोळे, आणि दोन्हीकडचे रुग्ण एकाच डॉक्टरच्या डोळ्यांखालून गेलेले. मगलमध्ये त्याला वाचा गेलेले, जखम नसताना हातपाय लुळे पडलेले शिपाई भेटले. क्रेगलॉकहार्टला निद्रानाश, दुःस्वप्नं, सततची धास्ती. शिपाई मुका व्हायचा, अधिकारी तोतरा. हा फरक स्वतः अडखळणाऱ्या माणसाच्या कानाने टिपला, याचं मला राहून राहून अप्रूप वाटतं.

त्याचं स्पष्टीकरण असं. भीती दोघांनाही वाटते. पण अधिकाऱ्याला ती आपल्याच माणसांपासून लपवावी लागते. शाळेपासून तेच शिकवलेलं, आणि मागे तीस-चाळीस जण त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभे. मग भीती आणि ती लपवणं यांची मनात रस्सीखेच चालते. रस्सीखेचीत दोन्ही संघ तोडीस तोड असले की दोर जागचा हलत नाही. लांबून बघणाऱ्याला वाटतं, सगळं कसं शांत आहे. तोवर दोन्हीकडच्या खेळाडूंचे तळहात सोलवटलेले असतात. रिव्हर्सच्या मते अधिकाऱ्याला आजारी पाडण्यात तोफेइतकाच या दडपून धरण्याचा वाटा होता.

इथं रिव्हर्सही चुकला, हे सांगायलाच हवं. शिपायाचं मन कमी गुंतागुंतीचं, म्हणून त्याचा आजार वेगळा, असं तो मानायचा. तो त्याच्या वर्गाचा आंधळेपणा होता. एकसारख्या त्रासालासुद्धा अधिकाऱ्याच्या कागदावर ‘न्यूरस्थेनिया’ (मज्जातंतूंचा थकवा) आणि शिपायाच्या कागदावर ‘हिस्टेरिया’ लिहिण्याची रीत होती. वाचा गेलेल्या शिपायांच्या घशाला लंडनच्या एका इस्पितळात विजेचे झटके देत. पलायन, भेकडपणा अशा आरोपांवरून ब्रिटिश सैन्याने गोळ्या घातलेल्या ३०६ जणांना माफी मिळायला २००६ साल उजाडलं. त्यांत बहुतेक सगळे खालच्या हुद्द्याचे होते.

पुढे वैमानिकांच्या इस्पितळात रिव्हर्सच्या लक्षात आलं, की विमान चालवणाऱ्यांपेक्षा दोरखंडाने बांधलेल्या फुग्यात बसून टेहळणी करणारे जास्त खचतात. वैमानिकाच्या हाताला काम असतं. फुग्यातल्या माणसाने नुसतं लटकत राहायचं. धोका किती, यापेक्षा त्यापुढे हात किती बांधलेले, याला मन जास्त भितं.

आणि उपचार? मित्राच्या देहाच्या चिंधड्या पाहिलेला एक अधिकारी होता. सगळे त्याला सांगत, विसर. दिवसभर तो विसरायचा, रात्री मित्र छिन्न अवस्थेत स्वप्नात यायचा. रिव्हर्सने त्याला आठवणीकडे बघायला लावलं, आणि एकच गोष्ट दाखवली: देहाची ती दशा म्हणजे मरण तत्क्षणी आल्याचा पुरावा, मित्राला यातना झाल्या नाहीत. काही रात्री स्वप्नच पडलं नाही. मग पडलं ते असं, की तो मित्राशेजारी गुडघे टेकून बसलाय आणि घरच्यांना पाठवण्यासाठी त्याचा पट्टा हलक्या हाताने सोडवतोय. जाग आली तेव्हा तो रडत होता. भीती नव्हती, दुःख होतं. १९१८ च्या ‘लॅन्सेट’मध्ये हे छापलं आहे, आणि त्याच लेखात अपयशही. दुसऱ्या एका अधिकाऱ्याच्या आठवणीत बघण्याजोगं काहीच सापडेना, तेव्हा रिव्हर्सने त्याला सैन्य सोडून, आधी जिथे बरं वाटलं होतं त्या खेड्यातल्या वातावरणात परतायला सांगितलं.

अशा त्रासाला ‘पीटीएसडी’ (आघातानंतरचा ताण-विकार) हे नाव अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तकात आलं १९८० मध्ये. आज मेंदूच्या रंगीत चित्रांच्या आणि जादुई गोळ्यांच्या बातम्या रोज येतात. त्यांतल्या एमडीएमए या सर्वांत गाजलेल्या औषधाला अमेरिकी नियामकांनी ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता नाकारली. घटना घडल्या घडल्या सगळ्यांना एकदाच बसवून बोलतं करण्याचा प्रयोगही चाचण्यांत फसला. टिकून आहे ती प्रशिक्षित माणसापुढे आठवणीकडे हळूहळू, पुन्हा पुन्हा बघण्याची पद्धत.

ताई, साहेब का बोलत नाहीत, याचं आणखी एक कारण तुम्हाला ठाऊक असेल. आपल्या सैन्यात वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ या पाच अक्षरांनी ठरते आणि त्यातलं पहिलंच, ‘एस’, मनाचं. ‘शेप-वन’ ही पूर्ण तंदुरुस्तीची श्रेणी सुटली की बढती अडते, ही धास्ती अधिकारी नोकरीभर बाळगतो. साहेब आता निवृत्त आहेत. बढतीचं कोणतंही मंडळ त्यांचा कागद बघणार नाही. माजी सैनिकांसाठीच्या ईसीएचएस योजनेच्या दवाखान्यातून मानसोपचारतज्ज्ञाकडे जायची चिठ्ठी मिळते. पहिल्या दिवशी तुम्ही बरोबर जा, आणि ते आत बोलत असतील तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून राहा.