बोट 'आली' म्हणजे नेमकी कधी आली?

मुंबई-मांडवा रो-रो बोट कधी आली? वाहतुकीवर संशोधन करायचं मनात असेल, तर हा सोपा दिसणारा प्रश्न आधी सोडवून बघा. बोट ग्रीसमध्ये बांधली गेली, फेब्रुवारी २०२० मध्ये मुंबईत पोचली आणि १५ मार्चला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली. आता 'बोटीमुळे अलिबागकडे येणाऱ्या गाड्या वाढल्या का' हे तपासायला तुम्ही २०१९ आणि २०२० ची आकडेवारी शेजारी ठेवलीत, तर मोजाल ते करोनाला, बोटीला नाही.

लोकलचंही तेच. मुंबईची पहिली वातानुकूलित लोकल चेन्नईतल्या पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत बनली आणि एप्रिल २०१६ मध्ये कुर्ला कारशेडला आली. प्रवासी तिच्यात बसले ते २५ डिसेंबर २०१७ ला, तेही पश्चिम रेल्वेवर. मध्य रेल्वेच्या जुन्या, ठेंगण्या पुलांखाली तिची उंची अडचणीची ठरली. मधले वीस महिने चाचण्या, परवानग्या आणि वाट बघणं. वर्तमानपत्रातलं 'नवी लोकल दाखल' एवढं कात्रण धरून विश्लेषण केलंत तर हे वीस महिने तुमच्या आलेखात गाडी धावतेय आणि फलाटावर मात्र कुणीच तिच्यात चढत नाहीये!

गाडी कशी पोचते, हे रुळांच्या रुंदीवरही ठरतं. लोकल ब्रॉडगेजची, म्हणजे १६७६ मिलिमीटर, त्यामुळे ती पेरांबूरहून रुळांवरूनच येते. मेट्रो ३ चे डबे आंध्रातल्या श्रीसिटीत बनले, पण ते १४३५ मिलिमीटरचे, म्हणून २०२२ मध्ये ट्रेलरवर लादून रस्त्याने आणावे लागले. तिथेही लोकांसाठी पहिला टप्पा उघडला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये.

बोटीचा माग काढणं त्या मानाने सोपं, कारण मोठ्या जहाजांना सात आकडी आयएमओ क्रमांक असतो. नाव, मालक, झेंडा काहीही बदलो, क्रमांक तोच राहतो. टिपून घेताना चूक झाली का, हेही कळतं: पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेचा शेवटचा अंक हाच सातवा अंक हवा. उदाहरणार्थ ९०७४७२९: बेरीज १३९, शेवटी ९. जुळलं.

मांडव्यावर काम करणार असाल तर पावसाळ्याचे महिने वेगळे काढा, असं मी सांगेन. गेटवेहून येणाऱ्या लाँच तेव्हा बंद असतात, रो-रो मात्र हवामान बघून चालते. म्हणजे त्या महिन्यांत लाँचची गर्दी मध्ये न येता बोटीचा परिणाम दिसू शकतो. फक्त रद्द झालेल्या फेऱ्यांची नोंद सोबत ठेवा.