नोकरी ५५ ला संपली, पेन्शन ५८ ला : मधल्या वर्षांचा हिशेब

आमच्या बेलापूरच्या पेठेत उधारीच्या वहीवरून घरची हालत कळते. एका कामगार गिऱ्हाइकाचे खाते वर्षानुवर्षे चोख होते. कारखान्याने त्यांना नियमाप्रमाणे ५५ व्या वर्षी निवृत्त केले आणि खाते रखडू लागले. विचारले तर म्हणाले, "भाईसाहेब, पेन्शन ५८ पूर्ण झाल्यावर. तोवर कसेतरी काढायचे."

असे का होते? निवृत्तीचे वय कंपनीच्या सेवाशर्तींत ठरते. पेन्शनचे वय मात्र १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या कर्मचारी पेन्शन योजनेत ठरले आहे, ते ५८. दोन वयांचा मेळ कोणी घातलेला नाही. त्यातच पेन्शनसाठी किमान १० वर्षे सेवा लागते. साडेनऊ वर्षे भरली असली तरी ती १० धरतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

त्या गृहस्थांना हेही ठाऊक नव्हते की नोकरी सुटली असेल तर ५० नंतर पेन्शन लवकर मागता येते. ५८ ला जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांसाठी दरवर्षी ४ टक्के कपात, आणि ती कायमची. लोक या 'कायमची'ला घाबरतात. आपण व्यापारी माणसे, हिशेब करून पाहू. ५८ ला ३,००० रुपये मिळणार असतील तर ५५ ला साधारण २,६५० मिळतील. तीन वर्षांत हातात ९५ हजारांवर रक्कम येते. पुढे महिन्याला ३५० रुपयांचा तोटा. ती रक्कम या तोट्यात फिटायला बावीस वर्षांहून जास्त लागतात, म्हणजे वयाची ऐंशी उलटते. घरात दुसरी कमाई असेल तर थांबावे. पण त्या तीन वर्षांसाठी सावकाराचे व्याज भरणार असाल, तर थांबण्यात शहाणपण नाही. दाव्यासाठी फॉर्म १०-डी भरायचा असतो.

आता आपले पाहा. दुकानदाराला, शिंप्याला निवृत्तीचे वय नाही, पण शिंप्याची नजर पन्नाशीतच सुईत दोरा ओवू देत नाही. भविष्य निर्वाह निधीचा कायदा साधारणपणे २० किंवा जास्त नोकर असलेल्या ठिकाणी लागू होतो. आमच्या पेठेत अशी दुकाने किती? २०१५ ची अटल पेन्शन योजना ६० पासून दरमहा १,००० ते ५,००० देते, पण दाखल होण्याचे वय १८ ते ४०. आयकर भरणाऱ्याला ऑक्टोबर २०२२ पासून ती बंद आहे. ५,००० च्या पेन्शनसाठी १८ व्या वर्षी महिन्याला २१० रुपये भरावे लागतात, ४० व्या वर्षी १,४५४. चाळिशी उलटलेल्याला राष्ट्रीय पेन्शन योजनेचे खाते उघडता येते, मात्र त्यात ठरावीक रकमेची हमी नाही. श्रावणबाळ योजनेचे १,५०० रुपये ६५ व्या वर्षी, तेही कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असेल तरच. अर्ज श्रीरामपूरच्या तहसील कचेरीत. म्हणजे पन्नाशीत हात थकलेल्या कारागिराला पंधरा वर्षे सरकारी आधार नाही.

माझ्या दुकानात कापड फाडणारा मुलगा आता ३९ चा आहे. त्याला या आठवड्यात बँकेत घेऊन जातो आहे. हप्त्यातला अर्धा वाटा दुकान भरील.