क्रियापदरूपांतील अक्षरविभाग : लिखित आणि उच्चारित

डोंबिवली स्थानक जवळ आले की लोकलमध्ये ‘उतरा’, ‘उतरलो’ ही रूपे सतत कानी पडतात. लेखनात दोहोंचा प्रारंभ ‘उतर’ असाच. उच्चारात मात्र पहिले ‘उत्-रा’, दुसरे ‘उ-तर्-लो’. प्रत्यय स्वरादी असेल तर धातूच्या मधल्या व्यंजनातील ‘अ’ लोप पावतो. व्यंजनादी असेल तर तो टिकतो आणि अंत्य ‘अ’ जातो. ‘सम्-जा’, ‘स-मज्-ले’ ही रूपेही अशीच. फ्रेंचमध्ये ‘बोलावणे’ या अर्थाच्या क्रियापदाची ‘आप्-लों’ (आम्ही बोलावतो) आणि ‘आ-पेल’ (तो बोलावतो) ही रूपे याच जातीची. तेथील लेखन दुसऱ्या रूपात ‘ल’ दुहेरी करून भेद नोंदवते. देवनागरी लेखन तो वाचकाच्या कानावर सोपवते.

खरी अडचण वर्गात वृत्त शिकविताना येते. ‘उतरा’ची लिखित अक्षरे तीन, उच्चारित दोन, मात्रा दोन्हीकडे चारच. त्यामुळे मात्रावृत्ताला बोलीतला उच्चार सहज सोसतो. तोटकात मात्र लघु-लघु-गुरू हा सगण मोडून दोन गुरू उरतात. म्हणून तेथे ‘त’ पूर्ण उच्चारावाच लागतो. विद्यार्थ्यांना तो कृत्रिम वाटतो. पण अभिजात फ्रेंच पद्यातही, पुढे व्यंजन असल्यास, बोलण्यात गळणारा अंत्य ‘ए’ अक्षर म्हणून मोजला जातो.